मागचे पाय बोलत नव्हते

घोड्याबद्दल सल्ला विचारायला कोणी आलं की मला आधी राग येतो, आणि मग मी सगळं सांगत बसतो. परवा आष्ट्याहून एकजण मोटारसायकलवरून आला. वरातीत नाचवायला त्याने पांढरी घोडी घेतली होती. खोगीर, गोंडे, कपाळावरचा आरशांचा पट्टा, सगळी खरेदी झाली होती. ती खाते काय, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

"अण्णा, तुमी लढाईत घोडी सांभाळल्यात म्हणं. चार गोष्टी सांगा," असं म्हणून त्याने खिशातून वही काढली.

लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, मी खेचरं सांभाळली. पण खेचर म्हटलं की लोक हसतात, म्हणून गावाने त्यांची परस्पर घोडी करून टाकली आहेत. मीही कधी दुरुस्त करत नाही.

"चारच?" मी विचारलं, आणि सांगायला लागलो. पाणी आधी, चंदी नंतर. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, भरडलेला हरभरा. दाणा खाऊन वर पोटभर पाणी प्यायलं की दाणा फुगतो, आणि घोड्याला ओकता येत नाही. देवाने एवढं देखणं जनावर केलं आणि ही साधी सोय द्यायला विसरला. रोज संध्याकाळी चारी खुरं उचलून बघायची, खडा अडकलेला असतो. ओल्या लिदीत उभं ठेवायचं नाही, खूर कुजतं. पट्टा जिथे घासतो तिथे रोज तळहात फिरवायचा. डोळ्याला जखम दिसते त्याच्या दोन दिवस आधी हाताला गरम लागतं. खरारा करायचा तो अंगावर शर्ट न घालता, घाम आला नाही तर खरारा झालाच नाही. मागून जाताना आवाज द्यायचा. आणि दारू पिऊन जवळ जायचं नाही, हे वरातवाल्यांना मुद्दाम सांगतो.

तो भराभर लिहीत होता. मग त्याने मान वर केली. "आणि पोटात दुखाय लागलं तर? तवा फिरवत ऱ्हायाचं, व्हय न्हवं? सगळी तसंच म्हणत्यात."

"डॉक्टर बोलाव," मी म्हणालो.

"डॉक्टर येस्तोवर फिरवायचं न्हवं?"

मी त्याला म्हणालो, चहा निवतोय. तो चहा प्याला, नमस्कार केला आणि गेला. ते एक पान त्याच्या वहीत कोरंच राहिलं. ते मी इथे लिहितो आहे.

आमचं घर तेव्हा मलकापूरला होतं. वडिलांचा टांगा कराड गावातून स्टेशनला जायचा यायचा. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. मी लढाईवर गेलो तेव्हा त्यांचे डोळे अधू झाले होते आणि मी परत आलो तेव्हा पुरते गेले होते. त्यातलं शेवटचं वर्षभर टांगा खरं तर घोडीच हाकत होती आणि आबा नुसते लगाम धरून बसत होते. हे उतारूंना कळलं नव्हतं. कळलं असतं तरी त्यांनी घोडीवरच विश्वास ठेवला असता, कारण कराडातल्या निम्म्या माणसांपेक्षा तिला अक्कल जास्त होती.

ती आटपाडीकडची. तिथल्या मेंढपाळांकडे बिऱ्हाड वाहायला लहानखुरी, काटक तट्टं असत. आबांनी तिला शिंगरू असताना त्यांच्याच एका तांड्यातून आणलं होतं. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, बाकी बघण्यासारखं काही नाही. देताना तिथला म्हातारा म्हणाला होता, "हिच्या आईनं जलमात दाणा बघितला न्हाई. हिला दाणा घाल, न्हाई म्हणत न्हाई. पर जेवढी चालंल तेवढाच घाल. बसवून खाऊ घातलंस तर माज्या दारात येऊन रडू नगंस."

आबांनी ते मनाशी बांधून ठेवलं आणि त्याचा आपला एक नियम करून टाकला. चाक थांबलं की चंदी थांबली. ज्या दिवशी टांगा जुंपायचा नाही त्या दिवशी घोडीला नुसतं गवत आणि कडबा. लोक म्हणत, म्हातारा चिकट आहे, जनावराच्या तोंडचं काढतो. आबा तरीही कडबाच टाकत.

डोळे गेल्यावर आबा कानाने जगू लागले. उंबऱ्यावर बसून राहायचे. गल्लीत कोण आलं ते वहाणेवरून सांगायचे. घोडी अजून मारुतीच्या देवळापाशी असली तरी, "पुढच्या डाव्याचा खिळा ढिला झालाय," म्हणायचे. चालताना घोड्याचे चार पाय चार वेगळे आवाज करतात, त्याला ते पाय बोलणं म्हणत. "आज चारीबी बोलत्यात," म्हणाले की दिवस चांगला गेला असं समजायचं. संध्याकाळी घोडीला ओढ्यावर पाण्याला तेच न्यायचे. म्हणजे तिची आयाळ धरून ते चालायचे आणि ती त्यांना न्यायची. खाचखळगा आला की ती थांबायची, आबा पाय चाचपून टाकायचे, मग ती पुढे. कोणी हे तिला शिकवलं नव्हतं.

आणि मग मी आलो. दोन वर्षं लष्कराच्या पंजाबाकडच्या खेचरांच्या डेपोत सईस, म्हणजे मोतद्दार, म्हणून काढून, खाकी अर्धी चड्डी, पायात बूट आणि तोंडात रेशन, ड्रिल, इन्स्पेक्शन असले शब्द घेऊन. आमच्या गल्लीत तेव्हा माझ्याएवढं शहाणं कोणी नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आबांनी पहिल्याच दिवशी लगाम माझ्या हातात दिला. म्हणाले, "तुजी आता." एवढंच.

पहिल्या महिन्यातलीच गोष्ट. नाल मारून आणलेली घोडी दारात उभी होती, चार माणसं गप्पा मारत होती आणि मी डेपोत नाल कसे तपासतात ते त्यांना सांगत होतो. घोडीने दोन पावलं टाकली. उंबऱ्यावरून आबा म्हणाले, "मागचा उजवा नाल बसला न्हाई. पोकळ वाजतोय." मी म्हणालो, मी स्वतः बघितलाय, चांगला बसलाय. दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या रस्त्याला तोच नाल निघून पडला. गल्लीने ते आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं. "काय रं, तुमच्या डेपोत कान इकत मिळत न्हवतं का?" हसणारे साधे होते, माझ्यावर जीव असणारेच होते. पण मी तो नाल विसरलो नाही.

चंदीचंही तसंच. डेपोत रेशन म्हणजे रेशन. पाऊस असो, ऊन असो, जनावराची चंदी चुकत नसे. मी घरी तोच कायदा आणला. आबा एकदा म्हणाले, "आज टांगा न्हाई, दाणा कशाला?" मी म्हणालो, "आबा, ही सरकारी शास्त्राची गोष्ट हाय." शास्त्र म्हटल्यावर ते गप्प झाले. शाळेत न गेलेल्या माणसाला शास्त्र या शब्दाने फार लवकर गप्प करता येतं, आणि मी सातवी पास होतो.

लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षी आषाढात पाऊस लागून राहिला. तीन दिवस टांगा निघाला नाही. घोडी गोठ्यात उभी आणि माझ्या हातची दोन्ही वेळची चंदी नेमाने खात होती. चौथ्या दिवशी बेंदूर आला.

बेंदूर हा बैलांचा सण. त्या दिवशी बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी भरवायची आणि कामाला लावायचं नाही. आमच्या घरात बैल कधी नव्हताच. पण माझ्या बायकोने लग्न होऊन आल्यावर ठरवून टाकलं होतं की घोडी हाच आमचा बैल. तिला शिंगं नव्हती म्हणून ही बाई तिची खुरं गेरूने रंगवायची. गल्लीतल्या बाकीच्यांनीही ते उचललं. घोडीने गल्लीतल्या किती बायकांना बाळंतपणाला कराडला नेलं होतं आणि बाळांसकट परत आणलं होतं. त्यामुळे बेंदराला प्रत्येक घरातून तिच्यासाठी एकेक पोळी यायची. ताटात पोळी, वर गूळ, कुंकवाचं बोट. त्या दिवशी किती पोळ्या आल्या ते मी मोजलं नाही. समोरची म्हातारी तर पदराखालून दुसऱ्यांदा पोळी घेऊन आली आणि म्हणाली, "पयली लेकाची हुती, ही माजी."

आबा उंबऱ्यावर बसून घोडीचं चावणं ऐकत होते. मी मुद्दाम विचारलं, "काय आबा, आज चाक थांबलंय. थांबवू का?"

ते हसले. "आज तिचा सन हाय. खाऊ दे."

वर मी संध्याकाळची चंदीही घातली. रेशन म्हणजे रेशन.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. शाळेतल्या एका मास्तरांना ट्रंक घेऊन स्टेशन गाठायचं होतं. घोडी जुंपली तर ती जागेवर ठरेना. मान वर, कान पुढे, पाय नाचवत होती. गल्ली बघत होती आणि मला वाटलं, बघा, ही माझ्या हातची घोडी. चाबूक न दाखवता ती अशी सुटली की मास्तरांनी एका हाताने टोपी धरली आणि दुसऱ्याने ट्रंक.

कराडात शिरायच्या आधीच तिचा वेग मोडला. मला वाटलं, चिखल आहे. मग तिच्या मानेवर फेस दिसला. हवा थंड होती आणि ती निथळत होती. अंग थरथरत होतं. मागची बाजू जड झाल्यासारखी ती चालायला लागली आणि मग उभीच राहिली. मी मास्तरांना उतरवलं, घोडी टांग्यातून सोडली. मास्तरांची गाडी चुकली आणि त्यांनी ते मला पुढे वर्षभर ऐकवलं, तो भाग सोडून देतो.

मला काहीही शंका नव्हती. घाम, थरथर, अस्वस्थपणा. पोटात कळ. काल पोळ्या झाल्या होत्याच. आणि पोटात कळ आलेल्या घोड्याला बसू द्यायचं नाही, लोळू द्यायचं नाही, फिरवत ठेवायचं, हे डेपोतल्या झाडूवाल्यालाही माहीत होतं. ते मी अख्ख्या कराडच्या टांगेवाल्यांना शिकवलं होतं. कराडात गुरांचा दवाखाना होता, तिथून हाकेवर. मी गेलो नाही. मला येत होतं ना. टांगा तिथेच एका दुकानापाशी लावला आणि घोडीला ओढत मैलभर घरी आणलं. त्या मैलाला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. ती दर दहा पावलांना थांबायची आणि मी पुढून ओढायचो.

गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा आबा उंबऱ्यावर उभे होते. बसलेले नाहीत, उभे.

"का फिरलास?"

"पोटात कळ हाय तिच्या. फिरवतोय."

"थांब." त्यांनी हात वर केला. "चालीव दोन पावलं." मी चालवली. "मागचं पाय बोलत न्हाईत रं. दोनीबी. घासत्यात नुसतं. उभी कर तिला. हाय तिथं उभी कर, हलवू नगं."

"आबा, डेपोत शेकड्यानं बघितल्यात मी असली. बसली की मेली."

"बसू दे म्हणतोय का मी? उभी कर म्हणतोय."

तोवर माणसं जमली होती. नालाच्या वेळी हसलेली तीच माणसं. समोरची म्हातारी दारात आली होती. माझी बायको हात पुसत उभी होती. सगळे एकदा आबांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते.

आबा हळू म्हणाले, "पोटात दुखणारं घोडं पोटाकडं वळून बघतंय. मला दिसत न्हाई. तू बघ. ती बघतीया का पोटाकडं?"

मी बघितलं. नीट बघितलं. घोडीची मान खाली होती, डोळे समोर, नाकपुड्या फुगलेल्या. तिने एकदाही पोटाकडे मान वळवली नव्हती. रस्त्यावर नाही आणि इथेही नाही.

"बघतीया," मी म्हणालो.

आबांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "मग फिरव."

आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो आहे. उतारूंशी, डेपोतल्या हवालदाराशी, बायकोशी. पण ज्याला दिसत नाही त्याने आपले डोळे मागितले आणि मी ते खोटे दिले, असं त्याआधी केलं नव्हतं. कोणाला कळलं कसं नाही म्हणाल, तर घोडं पोटाकडे बघतं म्हणजे काय करतं हे तिथे आम्हा दोघांखेरीज कोणाला ठाऊक होतं? आणि आबांचा होकार मिळाल्यावर मला काय वाटलं तेही लिहितो, कारण त्याशिवाय या पानाला काही अर्थ नाही. मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं.

मग आम्ही तिला फिरवलं. गल्लीने आळीपाळी लावली. मी दमलो की शेजारचा कुंभार, तो दमला की त्याचा भाऊ. देवळापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. थांबली की मागून कोणीतरी "हां बाई, चल बाई" म्हणून ढकलायचं. बायकांनी ओवा-हिंगाचं पाणी केलं, ते पाजलं. म्हातारीने मीठमोहऱ्या उतरवल्या. कोणी घरी गेलं नाही, कोणी जेवलं नाही. तिच्यासाठी एवढी माणसं एवढी राबत होती, आणि एका माणसाने जरी आळस केला असता तरी ती कदाचित वाचली असती.

दुपारी आबा म्हणाले, "आता माज्याकडं द्या." मी नको म्हणालो नाही. त्यांनी नेहमीसारखी तिची आयाळ धरली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलले. आमच्या कोणाच्या ओढण्याने ती चार पावलं सलग टाकत नव्हती, ती आबांबरोबर निघाली. तिला वाटलं असेल, ओढ्यावर जायचंय. देवळाच्या अलीकडे रस्त्याला एक खळगा आहे. तिथे ती थांबली, सवयीने. आबांनी पाय चाचपून टाकला. आणि ती पुढचा पाय टाकायला गेली आणि मागून बसली. कुत्रं बसतं तशी बसली, मग कुशीवर कलंडली. आयाळ आबांच्या मुठीतच होती, तेही तिच्याबरोबर गुडघ्यावर आले.

"उठीव," आबा म्हणाले. "उठवा रं कुणीतरी. बसली तर मरंल."

ते माझंच वाक्य होतं.

ती उठली नाही. पुढच्या पायांवर जोर द्यायची, मागचं अंग येत नसे. संध्याकाळी लघवी झाली ती काढ्यासारखी, काळपट तांबडी. ती मी बघितली आणि वर माती लोटली. मी तिच्या पोटावर हात ठेवला, पोट मऊ होतं. मग पाठीवरून मागे पुठ्ठ्यांवर, मागच्या मांड्यांवर नेला. पुठ्ठे लाकडासारखे कडक आणि गरम. घासणाऱ्या पट्ट्याखाली रोज तळहात फिरवावा, डोळ्याआधी हाताला कळतं, हे सगळ्या जगाला सांगणारा मी. सकाळपासून तिथे माझा हात गेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. खुरांवरचा गेरू अजून तसाच होता. गल्लीनेच ओढ्याकाठी खड्डा खणला.

आठवडाभराने आबा मला म्हणाले, "एक सांगू का? मला तवा वाटलं हुतं, मागच्या पायांचं काहीतरी हाय. पैज मारून सांगितलं असतं." मग म्हणाले, "कान बी गेलं म्हणायचं माजं."

बायको आत भाकरी थापत होती. तिथे दुसरं कोणी नव्हतं. खरं बोलायला याहून सोपी जागा मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "वय झालं आबा. व्हायाचंच."

टांगा विकला. दुसरं घोडं घ्यावं असं सगळे म्हणाले. आबा म्हणाले, "मला कळत न्हाई आता त्यातलं, ह्याला इचारा," आणि माझी हिंमत झाली नाही. आम्ही बिऱ्हाड सांगलीला हलवलं. हळदीच्या एका गोदामात मला पोती राखायचं काम मिळालं. कपडे, भाकरी, उशी, सगळ्याला हळदीचा वास.

तिथल्या टांगा स्टँडवर पलटणीतून निवृत्त झालेला एक सलोतरी, म्हणजे घोड्यांचा वैदू, बसायचा. एकदा बोलता बोलता मी त्याला घोडीची सगळी हकीकत सांगितली, माझी म्हणून मात्र नाही, एका ओळखीच्या माणसाची म्हणून. तो विडी विझवून म्हणाला, पोट नव्हेच ते. रिकामं उभं ठेवून दाणा चारत राहिलं की तो दाणा घोड्याच्या मागच्या मांसात साठतो, आणि एकदम पळवलं की मांस जळतं. त्याला एकच उपाय, लक्षण दिसलं त्या पावलावर उभं करायचं. एक पाऊलसुद्धा टाकू द्यायचं नाही. "फिरवलं म्हणजे मारलंच म्हणा," तो म्हणाला.

मग त्याने विचारलं, "तुम्ही डेपोत होता ना? शनिवारी संध्याकाळी जनावरांना काय देत होते?"

शनिवारी संध्याकाळी दाणा बंद असायचा. गव्हाचा कोंडा गरम पाण्यात कालवून द्यायचे, कारण रविवारी जनावरांना सुटी. दोन वर्षं, दर शनिवारी, ते कोंड्याचं घमेलं मी स्वतःच्या हाताने उचललं होतं. मला वाटायचं, रविवार आहे म्हणून जनावरांनाही काहीतरी गोडधोड देतात. चाक थांबलं की चंदी थांबली. आबांचा नियम आणि डेपोचा नियम एकच होता, आणि दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत होते.

त्या दिवशी मी गोदामात परत गेलो नाही. सरळ खोलीकडे निघालो. आबांना सांगायचं, असं ठरवून निघालो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. तुमचा कान बरोबर होता. मागचेच पाय होते. ती पोटाकडे बघत नव्हती, मी खोटं बोललो. तीनच वाक्यं होती. आबा त्यानंतर चार वर्षं जगले, आणि त्या चार वर्षांत ती तीन वाक्यं मी बोलू शकलो नाही, म्हणून त्या दिवशी काय झालं तेवढंच सांगतो.

सांगलीलाही आबा उंबऱ्यावरच बसत. मी जवळ आलो, पायात तेच जुने लष्करी बूट, ज्यांचा आवाज मलकापुरात ते देवळापासून ओळखायचे.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"मी, आबा."

"आलास व्हय लौकर."

मी शेजारी बसलो. तोंड उघडणार तेवढ्यात स्टेशनकडून एक टांगा आला. घोडं लंगडत होतं. इतकं उघड लंगडत होतं की डोळे मिटूनही मला कळलं असतं. आबांचं बोट मांडीवर टप टप करत होतं, पायांबरोबर. तीन ठोके आणि चौथ्याला ते बोट अडखळत होतं. त्यांना ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं.

"कसं हाय रं घोडं?" त्यांनी विचारलं.

"तुमीच सांगा की."

बोट थांबलं. त्यांनी तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला.

"मला न्हाई कळत गड्या आता. तू बघतोस न्हवं, तू सांग."

टांगा आमच्या समोरून गेला.

"मागचा डावा टेकत न्हाई," मी म्हणालो.

"आसंल," आबा म्हणाले. "तू म्हणतोस म्हंजी आसंल."